वेण्णाकाठची नदीफेरी, वर्ये ते संगम माहुली : एक परीक्षण

साताऱ्यात पाहुणे आले की त्यांना कुठे न्यायचे याची यादी बहुतेक घरांत ठरलेली असते. कास, ठोसेघर, सज्जनगड, अजिंक्यतारा आणि हाताशी वेळ असेल तर वाई-महाबळेश्वर. या यादीत नदीला जागा नसते. कृष्णा आणि वेण्णा शहराच्या इतक्या जवळून वाहत असूनही आपण त्यांच्याकडे पाहतो ते महामार्गाच्या पुलावरून जाताना क्षणभर, नाहीतर घाटावर दहाव्याला गेल्यावर. तापोळ्याला किंवा महाबळेश्वरच्या वेण्णा तलावात नौकाविहाराची सोय आहे, परंतु ते अडवलेले, थांबलेले पाणी आहे. वाहती नदी आणि तिच्यात राहणारे जीव दाखवण्यासाठी कोणी पैसे घेऊन माणसे नेते हे कळल्यावर मी आठवीतल्या भाच्यासह नाव नोंदवले. तेथे काय मिळते आणि काय मिळायला हवे होते, हे इच्छुकांच्या उपयोगी पडावे म्हणून सविस्तर लिहीत आहे.

चालवणाऱ्यांनी या उपक्रमाला वेगळे नाव दिलेले नाही. नोंदणी करताना ते नुसते 'नदीफेरी' म्हणतात. एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक आणि नदीवर आयुष्य घालवलेले भोई समाजातील एक ज्येष्ठ मासेमार, ज्यांना सगळे मामा म्हणतात, असे दोघे मिळून ती नेतात. मोठ्यांना ५०० रुपये आणि विद्यार्थ्यांना २५० रुपये शुल्क असून त्यात सकाळचे पोहे, चहा आणि दुपारची भाकरी-पिठले येते. सकाळी साडेसहाला वर्ये येथील पुलाजवळ जमायचे, वेण्णेच्या काठाने खाली उतरत जायचे, मधला रस्ता जीपने कापायचा आणि दुपारी संगम माहुलीला, जेथे वेण्णा कृष्णेला मिळते तेथे, थांबायचे, असा क्रम आहे. सगळे अंतर पायी नाही, त्यामुळे बेताची चाल असलेल्यांनाही हे झेपते.

निघण्यापूर्वीची एक गोष्ट मला फार आवडली. वर्येच्या वरच्या अंगाला कण्हेर धरण आहे. त्याचा साठा सुमारे १० टीएमसी (अब्ज घनफूट) असून खालची वेण्णा वर्षातला बराच काळ धरणातून काय सोडले जाते यावर चालते. पाणी सुटले की नदीपात्र तासाभरात बदलू शकते. म्हणून सरांनी आदल्या संध्याकाळी आणि पुन्हा सकाळी विसर्गाची चौकशी केली होती. त्यांनी काठावरच्या एका खडकावर खडूने रेघ मारली आणि त्या रेघेला पाणी लागले तर सगळ्यांनी, हातातले काम टाकून, वर यायचे असे बजावले. गुडघ्याच्या वर पाणी असेल तेथे कोणालाही उतरू दिले जात नाही. ओल्या कातळावर पाय घसरू नये म्हणून चपला बंद पट्ट्याच्या हव्यात हे मात्र नोंदणीच्या वेळीच सांगायला हवे होते. स्लीपर घालून आलेल्या दोघींना पहिला अर्धा भाग काठावरच बसून पाहावा लागला.

फेरीचा गाभा म्हणजे पुलापासून थोड्या अंतरावरचा एक खळाळ. नदी येथे रुंद होते, उथळ होते आणि नारळाएवढ्या काळ्या दगडांवरून आवाज करत उतरते. वर संथ डोह, खाली संथ डोह आणि मध्ये हा वीस-पंचवीस पावलांचा उतार. आपण उभे असलो तर येथे काहीही नाही असे वाटते. सरांनी येथे जवळजवळ दोन तास घालवले, आणि माझ्या मते शुल्काची सगळी किंमत याच दोन तासांत वसूल होते.

पद्धत अशी. एकाने बारीक जाळी प्रवाहाच्या खालच्या बाजूला तळाला टेकवून धरायची, दुसऱ्याने तिच्यासमोरचा तळ पायाने ढवळायचा आणि जाळीत जे येईल ते पांढऱ्या ट्रेमध्ये थोड्या पाण्यात ओतायचे. सुरुवातीला ट्रेमध्ये फक्त पालापाचोळा आणि वाळू दिसते. मिनिटभर थांबले की कचरा चालू लागतो. काडी म्हणून ज्याकडे दुर्लक्ष केले ती वाळूच्या कणांची नळी असते आणि तिच्या टोकातून कॅडिसफ्लाय या पंखवाल्या कीटकाची अळी डोके बाहेर काढते. ही अळी स्वतःच्या रेशमाने वाळूचे कण किंवा पानांचे तुकडे चिकटवून आपले घर बांधते आणि वाढेल तसे ते वाढवत नेते. कॅडिसफ्लायच्याच काही दुसऱ्या जातींच्या अळ्या घर न बांधता दगडांच्या फटींत रेशमी जाळे विणतात. त्याचे तोंड प्रवाहाकडे असते आणि वाहून येणारे कण त्यात अडकले की त्यावर त्या जगतात. भाच्याने उचललेल्या एका दगडाच्या कडेला असे जाळे होते. पाण्याबाहेर ते चिकट मळासारखे दिसत होते; सरांनी दगड पुन्हा बुडवून दाखवला तेव्हा ते फुगले आणि त्याचे एकसारखे चौकोनी विणकाम स्पष्ट दिसले.

त्याच दगडाच्या खालच्या बाजूला मेफ्लाय या कीटकाची पिल्ले होती, चपटी, दगडाला इतकी बिलगलेली की नखानेही सुटेनात. त्यांचा चपटेपणा उगाच नाही. दगडाच्या अगदी पृष्ठालगत पाण्याचा वेग कमी असतो, आणि त्या पातळ थरात मावेल इतकेच अंग असेल तर प्रवाहाशी झुंजावे लागत नाही. भिंगातून पाहिले तर पोटाच्या दोन्ही बाजूंना पानासारखे कल्ले हलताना दिसतात आणि मागे तीन लांब शेपट्या. हे जीव कित्येक आठवडे, काही जाती महिनोन्महिने, पाण्यात काढतात. पंख फुटल्यावर मात्र त्यांना खाण्यासाठी कामाचे तोंडच नसते. काही तासांत, फार तर काही दिवसांत ते जोडी जमवतात, पाण्यात अंडी घालतात आणि मरतात. दिव्याभोवती सकाळी पडलेला पंखांचा खच आपण झाडून टाकतो, त्यातले काही पंख यांचे असतात.

मामांचा येथे एकच नियम होता आणि तो त्यांनी प्रत्येकाला पुन्हा पुन्हा सांगितला. "दगड जसा उचलला तसाच परत ठेवायचा, पालथा नाही. खालचं खालीच राहू द्या." दगडाच्या वरच्या अंगाला उन्हात वाढणारा शेवाळाचा तपकिरी, निसरडा थर असतो आणि खालच्या अंगाला अंधारात राहणारे जीव. दगड उलटा ठेवला तर शेवाळ अंधारात मरते आणि जीव उन्हात पडतात. असा नियम निसर्गसहलींमध्ये मी इतरत्र पाहिलेला नाही, आणि तो पाळला गेला की नाही हे पाहायला मामा प्रत्येकाच्या मागे उभे होते, याबद्दल त्यांचे मनापासून कौतुक वाटते.

खळाळाचे महत्त्व सरांनी प्राणवायूच्या अंगाने समजावले. दगडांवर फुटणाऱ्या पाण्यात हवा मिसळते. थंड पाण्यात ती जास्त मावते, गरम पाण्यात कमी. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना साडेसातच. डोहात पाणी विसावते, गाळ बसतो, मोठे मासे राहतात. खळाळात पाणी श्वास घेते आणि तळाच्या दगडांत त्या माशांचे अन्न पिकते. दोन्ही लागतात. सपाट केलेल्या, खरवडलेल्या, एकसारख्या खोलीच्या पात्रात यातले काहीच धड राहत नाही. वाळू आणि गोटे काढून नेले की केवळ पात्र खोल होते असे नाही, कणाकणांच्या मधल्या ज्या पोकळ्यांतून पाणी फिरते आणि जेथे अंडी आणि अळ्या सुरक्षित राहतात, त्या पोकळ्याही जातात. हा मुद्दा सरांनी दोन वाक्यांत उरकला. माझ्या मते आपल्या जिल्ह्यात तो सर्वांत जास्त वेळ देऊन सांगण्यासारखा आहे.

त्यानंतर प्राणवायू मोजून दाखवला जातो, आणि ही चाचणी मुलांना फार आवडते. हंगेरीच्या विंक्लर या रसायनशास्त्रज्ञाने १८८८ साली शोधलेली ही रीत आजही वापरात आहे. बाटली पाण्याखालीच, एकही बुडबुडा राहू न देता भरायची, त्यात मँगनीजचे आणि आयोडाइडचे द्रावण घालायचे. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. मग आम्ल घालून साका विरघळवायचा, स्टार्चचे दोन थेंब टाकून पाणी निळे करायचे आणि दुसरे द्रावण थेंबाथेंबाने सोडत निळा रंग जाईपर्यंत मोजत राहायचे. खळाळात लिटरमागे ७.८ मिलिग्रॅम आले. चाचणीचे उरलेले पाणी नदीत न ओतता बाटलीत भरून परत नेले, हेही नमूद करण्यासारखे आहे.

दुसरा थांबा थोडा खाली, वस्तीचे सांडपाणी घेऊन येणारा एक ओढा जेथे नदीला मिळतो तेथे आहे. येथे नाक दाबून उभे राहावे लागते, आणि काही सहभागींनी हा थांबा वगळावा असे सुचवले. मला ते मान्य नाही. पहिल्या थांब्यावर जे पाहिले त्याला अर्थ येतो तो याच ठिकाणी. जाळी तीच, ट्रे तोच, ढवळण्याचा वेळ तोच, आणि ट्रेमध्ये मेफ्लाय एकही नाही, कॅडिसफ्लाय एकही नाही. आहेत त्या फक्त मऊ काळ्या चिखलात वळवळणाऱ्या लालभडक अळ्या आणि काही गोगलगायी. या अळ्यांचा लाल रंग रक्तातल्याच हिमोग्लोबिनचा असतो, आणि प्राणवायू जवळजवळ नसलेल्या चिखलात तो धरून ठेवण्याची ताकद त्यांना त्यामुळेच मिळते. विंक्लरच्या बाटलीत साका फिकट बसला आणि आकडा ३.२ आला. स्नानासाठी योग्य पाण्यात किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू असावा असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे.

येथे सरांनी केलेला एक खुलासा या सगळ्या फेरीतला सर्वांत मोलाचा होता. रासायनिक चाचणी त्या क्षणाचे पाणी सांगते. रात्री कोणी घाण सोडली आणि सकाळपर्यंत ती वाहून गेली तर सकाळच्या बाटलीत ती दिसणार नाही. तळाचे जीव मात्र पळून जाऊ शकत नाहीत. ज्यांना निर्मळ पाणी लागते असे मेफ्लाय दगडाखाली सापडले तर गेले कित्येक आठवडे पाणी बरे होते असे समजावे. कोणत्या कुळाचे जीव सापडले त्यानुसार १ ते १० गुण देऊन पाण्याचा कस ठरवण्याची पद्धत ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकात बसवली गेली आणि आपल्याकडेही ती जुळवून घेऊन वापरली जाते. सहभागींना हाच गुणतक्ता दिला जातो. तो परदेशी मूळ तक्त्यावरून जसाच्या तसा उतरवलेला आहे, आणि त्यातली काही कुळे सह्याद्रीच्या नद्यांत सापडतही नाहीत. शिवाय तो इंग्रजीत आहे. त्याच्या मराठी रूपात चित्रे असती, तर मुलांना सरांना विचारावे न लागता स्वतः गुण देता आले असते. पुढच्या खेपेपर्यंत एवढे काम झालेच पाहिजे.

एका मुद्द्यावर मात्र माझे मत सरांपेक्षा वेगळे आहे. ओढ्याच्या मुखाशी उभे राहून ते म्हणाले, "येथे नदी मेली आहे." ऐकणाऱ्यांवर त्याचा परिणाम झाला, काही जण हळहळले, पण ते खरे नाही आणि लोकांना नदीपासून दूर नेणारे आहे. त्याच दिवशी, आणखी बऱ्याच खाली, जेथे पाणी पुन्हा दगडांवरून उतरत होते तेथे आमच्या जाळीत जाळे विणणाऱ्या कॅडिसफ्लायच्या अळ्या पुन्हा आल्या होत्या. संख्येने कमी होत्या, मेफ्लायची तर एकच जात होती, परंतु होती. वाहत्या पाण्याला दगड, उतार आणि पुरेसा प्रवाह मिळाला की सूक्ष्मजीव घाण खातात, हवा मिसळत जाते आणि नदी काही अंतरात स्वतःला सावरते. मात्र तिला किती घाण पचेल हे प्रवाहात पाणी किती यावर ठरते, आणि उन्हाळ्यात, दोन आवर्तनांच्या मधल्या काळात, पात्रात धरणाचे पाणी नसते तेव्हा ओढ्यांचे सांडपाणीच नदी म्हणून वाहू लागते. मेलेली नदी म्हटले की कोणाचीच जबाबदारी उरत नाही. आजारी म्हटले तर सांडपाणी कोठे अडवायचे आणि धरणातून उन्हाळ्यात किती पाणी वाहते ठेवायचे हे दोन प्रश्न समोर उभे राहतात.

त्यापुढचा काठाचा टप्पा वाढे गावाच्या बाजूने जातो. एका बाजूला उसाचा फड थेट दरडीपर्यंत आलेला आणि दुसऱ्या बाजूला करंज, उंबर, जांभूळ यांची जुनी रांग टिकलेली, असा एक भाग येथे आहे. सरांनी दोन्ही बाजूंना काठालगत थर्मामीटर धरला. झाडांच्या सावलीतले उथळ पाणी उघड्या बाजूच्या पाण्यापेक्षा दीड-दोन अंशांनी थंड होते. फडाकडची दरड पुराने खणली गेली होती आणि उसाची मुळे हवेत लोंबत होती. करंजाच्या मुळांनी मात्र माती घट्ट पकडून ठेवली होती आणि त्या मुळांच्या गुंत्यात लहान माशांची झुंड लपली होती. पाण्यात पडणारी पाने हा ओढ्या-नद्यांच्या वरच्या टप्प्यातल्या जीवांचा मुख्य आहार आहे, ही बाब मला नवीन होती. आपण ज्याला कचरा म्हणून काठ साफ करतो, तेथून अन्नसाखळी सुरू होते. वाळुंजाची फांदी ओल्या काठात खोवली तरी जगते, म्हणून काठ धरून ठेवायला ती लावावी, असे मामांनी शेजारच्या शेतकऱ्याला तेथल्या तेथे सुचवले. त्यांनी ते ऐकून घेतले, पण "आमची सरी कमी होते की," असेही सांगितले, आणि त्यांचे म्हणणे टाळता येण्यासारखे नाही. एकेका सरीचे उत्पन्न सोडून काठाला झाडी राखायची तर त्या बदल्यात शेतकऱ्याच्या हाती काही पडले पाहिजे.

पक्षी या फेरीत अनायासे दिसतात. खळाळाच्या दगडांवर शेपूट हलवणारा धोबी, काठाने सतत कंबर वरखाली करत चालणारा तुतवार, पाण्यावर स्थिर फडफडून सूर मारणारा कवड्या खंड्या हे आम्हाला सगळ्यांना दिसले. सांडपाण्याच्या ओढ्यापाशी शेकाट्यांचा थवा होता. लांब गुलाबी पायांचे हे देखणे पक्षी पाहून काहींना ती जागा चांगली असल्याचा समज झाला, आणि तो सरांनी वेळीच दूर केला. चिखलातल्या अळ्या खायला शेकाटे अशा जागी गर्दी करतात.

माशांविषयी मामा बोलू लागले की सरांनी गप्प बसावे हे उत्तम, आणि सर तसेच करतात. खळाळातल्या दगडाखाली हात घालून मामांनी एक मळ्या काढला, बोटभर लांब, तपकिरी आणि चिवट. त्याच्या खालच्या ओठामागे चकती असते, तिने तो दगडाला चिकटून राहतो; मामांनी तो ट्रेच्या काठाला टेकवला तेव्हा ट्रे तिरका केला तरी तो सुटला नाही. मग त्यांनी तो जेथून काढला त्याच दगडाखाली सोडला. पहिल्या पावसाच्या पुरात चढणीचे मासे कसे येतात, उथळ ओढ्यांत आणि भरलेल्या वावरांत अंडी घालायला ते प्रवाहाविरुद्ध कोठवर जातात, हे त्यांनी असे सांगितले की जून महिना डोळ्यांपुढे उभा राहिला. चढण आता पूर्वीसारखी होत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. धरणाची भिंत मासा ओलांडू शकत नाही. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, पावसाळ्यापूर्वी वेळेवर निघाले तरच वाट मोकळी होते. आणि ज्या दिवसांत चढण व्हायची त्याच दिवसांत पुलाखाली जाळी लावून अंड्यांनी भरलेल्या माद्या धरल्या जातात. मूळ आफ्रिकेची चिलापी आता सगळीकडे आहे. ती अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते, चढणीवर अवलंबून नसते आणि थांबलेल्या पाण्यात फोफावते. बंधाऱ्यांनी नदीचे डोहच डोह झाले की मळ्यासारख्या खळाळात राहणाऱ्या माशाची जागा आपोआप तिला मिळते.

शिंपल्यांची गोष्टही येथे सांगायला हवी, कारण ती ऐकून भाचा घरी येईपर्यंत तीच बोलत होता. नदीतल्या मोठ्या शिंपल्यांची सूक्ष्म पिल्ले माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटतात, काही काळ त्यांच्यावरच जगतात आणि मग तळाला उतरून स्वतंत्र होतात. शिंपला स्वतः फारसा हलत नाही, पण माशाच्या अंगावर बसून तो प्रवाहाच्या वरच्या अंगाला पोहोचतो. म्हणजे मासे चढायचे थांबले की शिंपल्यांचे वरचे ठिकाणही कालांतराने ओस पडते. हेच शिंपले दिवसभर पाणी गाळत असतात.

संगम माहुलीचा शेवटचा टप्पा मात्र निराशा करतो. तोवर ऊन चढलेले असते, माणसे दमलेली असतात आणि जेवणाची वेळ झालेली असते. १८व्या शतकातले विश्वेश्वराचे मंदिर, घाट, छत्रपतींच्या घराण्यातील समाधी आणि पलीकडचे क्षेत्र माहुली यांची माहिती भरभर दिली जाते. ती चुकीची नाही, पण ती साताऱ्यातल्या कोणत्याही मार्गदर्शकाकडून मिळते. या लोकांकडून मला संगमाच्या पाण्याबद्दल ऐकायचे होते. कृष्णेवर वर धोम धरण आहे, वेण्णेवर कण्हेर; दोन्ही नद्या महाबळेश्वराच्या एकाच डोंगरमाथ्यावरून निघतात, वेगवेगळ्या खोऱ्यांतून उतरतात आणि येथे भेटतात. दोघींच्या पाण्याच्या तपमानात, गढूळपणात आणि तळाच्या जीवांत काय फरक आहे, आणि संगमाच्या खाली त्यातले काय टिकते, हे पाहायला यापेक्षा चांगली जागा नाही. जाळी आणि ट्रे जीपमध्येच राहिली. मधला एखादा थांबा कमी करून संगमावर सकाळीच एक गट नेला, तर ही उणीव सहज भरून निघेल. घाटाच्या पायऱ्यांशी निर्माल्य आणि प्लास्टिक तरंगत होते. त्यावर कोणी काही बोलले नाही, आणि बोलायला हवे होते.

सोयींविषयी थोडक्यात. वर्ये सोडल्यावर शेवटापर्यंत स्वच्छतागृह नाही. महिलांसाठी ही मोठी अडचण आहे. काठच्या एखाद्या शेतघराशी बोलून चालवणाऱ्यांना ती सोडवता येईल. एका फेरीत वीसच्या आसपास माणसे घेतली जातात. एका जाळीभोवती आणि दोन भिंगांभोवती ती फार होतात, मागे उभे असणाऱ्यांना दिसत नाही, आणि तेवढ्या पायांनी खळाळाचा तळही जास्त तुडवला जातो. बारा जण पुरेत, त्यासाठी शुल्क थोडे वाढले तरी चालेल. जेवण साधे, गरम आणि पोटभर होते.

जाण्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरावा. तेव्हा पाणी निवळलेले असते, हवा थंड असते आणि हिवाळी पक्षी आलेले असतात. पावसाळ्यात फेरी बंद असते आणि ती बंदच असावी. मार्च-एप्रिलमध्ये जायचे असल्यास आवर्तनाची तारीख विचारून मगच नोंदणी करावी, कारण पाणी सुटलेले असेल तर खळाळात उतरता येत नाही आणि मग या फेरीत पाहण्यासारखे फारसे उरत नाही. सोबत बंद पट्ट्याच्या चपला, टोपी, सुके कपडे आणि मुलांसाठी स्वतःचे भिंग असावे. दहा वर्षांखालच्या मुलांना मी नेणार नाही, मात्र आठवी ते बारावीच्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना शाळांनी आवर्जून पाठवावे; अन्नसाखळी, श्वसन आणि जलप्रदूषण हे तीन धडे येथे एका सकाळी हाताला लागतात.

शेवटी एक मागणी. सरांकडे एक जाडजूड वही आहे. प्रत्येक फेरीत प्रत्येक थांब्यावर पाण्याचे तपमान, प्राणवायू आणि सापडलेल्या जीवांची नावे ते तिच्यात तारीखवार लिहितात. मी ती चाळली. ओढ्याच्या मुखापाशी कोणत्या महिन्यात प्राणवायू सर्वांत खाली जातो, धरणाचे पाणी सुटल्यानंतर मेफ्लाय किती दिवसांनी परत दिसू लागतात, हे त्या पानांवर आहे. ही वही सरांच्या पिशवीत राहता कामा नये. काठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर दर महिन्याला आपापल्या थांब्याचा आकडा आणि जीवांची यादी मराठीत लागावी, असे मी त्यांना सुचवले. वर्ये आणि माहुलीपासून सुरुवात करू, पण आकडे फलकावर लिहायला गावातली दोन मुले हवीत, असे ते म्हणाले. त्यासाठी भाच्याच्या शाळेच्या मुख्याध्यापकांची आणि सरांची गाठ घालून देण्याचे मी कबूल केले आहे.